‘डेल्टा’ : एका अक्षराची कुळकथा



इसवी सन २०२१ च्या पावसाळ्याच्या आरंभींची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई दाराच्या उंबरठ्याबाहेर उभ्या राहून, मध्यें योग्य तें अंतर राखून, मला विचारूं लागल्या, “गुरुजी, हा डेल्टा डेल्टा म्हणतात, तो कुठल्या गावचा हो?” त्यांचे धाकटे दीर नुकतेच त्या साथींत गेले होते. मी म्हणालों, “तें गांव नव्हे, बाई. तें ग्रीक लोकांचें एक अक्षर आहे.” त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अक्षरानं का कुठं माणूस मरतो?”

या दुसऱ्या प्रश्नाला त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पहिल्या प्रश्नाला दिलेलें उत्तरहि अपुरें होतें, हें मागाहून ध्यानांत आलें. कारण डेल्टा हें अक्षर खरें. पण तें अक्षर एके काळीं एका भूमीचेंच नांव होतें, आणि त्याच्याहि आधीं तें एका साध्या घरगुती वस्तूचें नांव होतें. या शब्दाची ती कुळकथा आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आरंभ करावयाचा तो भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून. आज जेथें लेबनॉन देश आहे, त्या किनाऱ्यावर प्राचीन काळीं फिनिशियन नांवाचे दर्यावर्दी व्यापारी राहात. त्यांच्या लिपींत बावीस अक्षरें होतीं, आणि त्या अक्षरांचीं नांवें म्हणजे नित्याच्या वस्तूंचीं नांवें होतीं. आपल्या बालबोध पुस्तकांत ‘क कमळाचा’, ‘ग गवताचा’ असें शिकवितात. तेथें अक्षर वेगळें आणि कमळ वेगळें. फिनिशियनांच्या मुलांना ‘कमळ’ हेंच अक्षराचें नांव म्हणून पाठ करावें लागे. पहिलें अक्षर ‘आलेफ’, म्हणजे बैल. दुसरें ‘बेथ’, म्हणजे घर. आणि चौथें ‘दालेथ’, म्हणजे दार. योगायोग असा कीं, आपण मराठींत ‘द दाराचा’ म्हटलें, तर तें या जुन्या अक्षरालाहि तंतोतंत लागू पडतें. या दालेथची आकृति त्रिकोणी होती. तंबूच्या दाराचा पडदा बाजूला सारला म्हणजे जी त्रिकोणी फट दिसते, तिच्यावरून ती आली असावी, असा कांहीं विद्वानांचा तर्क आहे.

इसवी सनापूर्वी सुमारें आठव्या शतकांत ग्रीक लोकांनीं ही लिपि उचलली. ती आपण फिनिशियनांपासून घेतली, ही आठवण ग्रीकांनीं बुजविली नाहीं. त्यांचा आद्य इतिहासकार हिरोडोटस यानें तसें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. ग्रीकांनीं अक्षरांबरोबर त्यांचीं नांवेंहि घेतलीं आणि शेवटीं एकेक स्वर जोडून तीं आपल्या जिभेला सोईचीं केलीं. आलेफचें झालें अल्फा, बेथचें झालें बीटा, आणि दालेथचें झालें डेल्टा. परंतु या देवघेवींत एक गोष्ट वाटेंत गळून पडली. फिनिशियन मुलाला दालेथ म्हटल्याबरोबर दार आठवे. ग्रीक मुलाला डेल्टा म्हटल्यावर त्या अक्षरावांचून कांहींच आठवत नसे. शब्द पोंचला, अर्थ मागें राहिला. पुढें या शब्दावर निरनिराळे अर्थ चढत गेले, त्याचें बीज या रिकामेपणांत आहे.

पहिला अर्थ चढविला तो नाईल नदीनें. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. आजच्या कैरो शहराच्या खालीं तिला फांटे फुटतात, आणि ते पसरत पसरत भूमध्य समुद्राला मिळतात. फांट्यांच्या मधली भूमि त्रिकोणी. आतां आपल्या नकाशांत उत्तर दिशा वर असते, म्हणून हा त्रिकोण आपल्याला उलटा, टोंक खालीं केलेला असा दिसतो. पण ग्रीक खलाशी येई तो समुद्राकडून, दक्षिणेकडे तोंड करून. त्याच्या पुढ्यांत त्रिकोणाचा पाया आणि दूर आंत त्याचें टोंक. म्हणजे सरळ उभें असलेलें डेल्टा अक्षरच. त्यानें त्या भूमीला तेंच नांव दिलें.

या नांवावरून हिरोडोटसच्या काळीं, म्हणजे इसवी सनापूर्वी पांचव्या शतकांत, एक मौजेचा वादहि झाला. आयोनियाचे ग्रीक म्हणत कीं, खरा मिसर देश म्हणजे केवळ हा डेल्टा. बाकीची भूमि मिसर नव्हे. हिरोडोटसला तें पटेना. मिसर ही नदीची देणगी आहे, असें तो स्वतःच म्हणतो, आणि डेल्टाची भूमि गाळानें अलीकडे वर आलेली आहे, हेंहि तो जाणतो. म्हणून तो उलट विचारतो : मिसरी लोकांची भूमि जर एवढीच असेल, तर एके काळीं त्यांना भूमीच नव्हती असें होईल, मग आपण जगांतले सर्वांत प्राचीन लोक, ही त्यांची प्रौढी कशाच्या आधारावर? वाद देशाच्या सीमेचा होता. पण नदी गाळ आणून समुद्रांत नवी भूमि घडविते, ही गोष्ट त्यांत गृहीत धरलेली होती. पुढील काळांत डेल्टा शब्दाचा मुख्य अर्थ हाच ठरावयाचा होता.

हें नांव नाईलच्या बाहेर पडलें, तें अगदीं आरंभींच्या काळांत आपल्या सिंधु नदीकडे आलें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाहीं. इसवी सनापूर्वी ३२५ या वर्षीं अलेक्झांडर सिंधूच्या मुखाकडे उतरला. नदीला दोन फांटे फुटून मधें त्रिकोणी भूमि झालेली त्याच्या सोबत्यांनीं पाहिली आणि त्यांना मिसरची आठवण झाली. त्यांच्या वृत्तांतांच्या आधारें पुढें एरियन या ग्रंथकारानें लिहिलें आहे कीं, सिंधूलाहि मिसरसारखा डेल्टा आहे, आणि त्या देशच्या भाषेंत त्याला पाताल म्हणतात. जें एकाच ठिकाणचें विशेषनाम होतें, तें येथें सामान्यनाम होऊं लागलें.

मराठींत आपण याला ‘त्रिभुज प्रदेश’ म्हणतों. हा शब्द चांगला आहे. पण तो आकाराला बांधलेला आहे, आणि त्याची अडचण मला वर्गांत पुष्कळ वेळां जाणवली. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें मुख नकाशांत दाखविलें कीं एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, “गुरुजी, यांत तीन भुजा कोठें आहेत?” त्याचें म्हणणें खरें होतें. तो आकार पक्ष्याच्या पसरलेल्या बोटांसारखा आहे. आफ्रिकेंतील ओकावांगो नदी तर समुद्रापर्यंत पोंचतच नाहीं. ती बोट्स्वाना देशांत सपाट भूमीवर पसरून जिरते, आणि त्यालाहि भूगोलज्ञ डेल्टा म्हणतात. म्हणजे नांव पडलें आकारावरून, पण पुढें महत्त्व आलें तें क्रियेला. नदीचा वेग मंदावला, तिला गाळ पुढें नेववेना, तो खालीं बसूं लागला, वाट अडली, फांटे फुटले. हें जेथें घडतें तेथें डेल्टा.

हीच कसोटी आपल्या नद्यांना लावून पाहावी. कोंकणांत सह्याद्रि समुद्राच्या जवळ उभा. नद्या आखूड, उतार मोठा, आणि मुखाशीं भरतीओहोटीचा जोर. म्हणून वाशिष्ठी दाभोळला मिळते किंवा सावित्री बाणकोटला मिळते, तेथें खाडी असते. त्रिभुज प्रदेश नसतो. उलट गोदावरी त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. आंध्र देशांत धवळेश्वरम्‌पाशीं तिचे गौतमी आणि वसिष्ठा असे मुख्य फांटे होतात. त्यांच्या मधल्या सुपीक भागाला तेथील लोक कोनसीमा म्हणतात. कोन म्हणजे कोपरा. त्यांना ग्रीक अक्षर ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं आपल्या भाषेंत त्याच आकाराला हांक मारली. त्या कोनसीमेच्या भातशेतींत आपल्या मराठवाड्याची आणि विदर्भाची मातीहि आहे, हें आपण विसरूं नये.

ही माती आतां पूर्वीसारखी पोंचत नाहीं. नाईलवर आस्वानचें मोठें धरण १९७० सालीं पुरें झालें. पाणी हातीं आलें, वीज मिळाली, पुराचें भय गेलें. पण गाळ धरणामागें अडला, आणि जो किनारा हजारों वर्षें पुढें सरकत होता, तो रोझेटाच्या मुखाशीं मागें हटूं लागला. गोदावरीच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यांतील धरणांनींहि मुखाकडे जाणारा गाळ पुष्कळ घटविला आहे. धरणें नकोत असें माझें म्हणणें नाहीं. परंतु नदीची देणगी ही एकदांच मिळून पुरणारी नसते, ती वर्षानुवर्षें यावी लागते, एवढें तरी या शब्दानें आपल्याला शिकवावें.

भूगोलाबाहेरहि या अक्षराला काम पुष्कळ मिळालें. ग्रीकांच्या जुन्या अंकपद्धतींत तें दहाचें चिन्ह होतें, कारण ‘डेका’ म्हणजे दहा हा शब्द त्यानेंच सुरू होतो. मागाहूनच्या पद्धतींत तें चाराचें चिन्ह झालें, कारण अनुक्रमांत तें चौथें. ऑयलर या गणितज्ञानें १७५५ च्या आपल्या ग्रंथांत दोन राशींमधील फरक दाखविण्यासाठीं त्याचा उपयोग केला, आणि आज गणितांत व पदार्थविज्ञानांत डेल्टा म्हणजे ‘झालेला बदल’ असें विद्यार्थी शिकतात. खांद्यावरचा जाड त्रिकोणी स्नायु, त्याला वैद्यकांत ‘डेल्टॉइड’, म्हणजे डेल्टासारखा, असें म्हणतात.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. कोरोना विषाणूचे नवे प्रकार निघूं लागले, तेव्हां जो ज्या देशांत प्रथम आढळला त्याच्या नांवानें लोक त्याला ओळखूं लागले. ही खोड जुनी आहे. १९१८ च्या साथीला स्पेनचें नांव चिकटलें, तें स्पेनमध्यें ती उपजली म्हणून नव्हे. स्पेन युद्धांत तटस्थ होता, आणि तेथील वृत्तपत्रें साथीच्या बातम्या मोकळेपणानें छापीत, म्हणून. असा कलंक कोणत्याहि देशाला लागूं नये यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें ३१ मे २०२१ रोजीं या प्रकारांना ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं. ब्रिटनमध्यें आढळलेला अल्फा, दक्षिण आफ्रिकेंतला बीटा, ब्राझीलमधला गॅमा. आणि भारतांत २०२० च्या अखेरीस आढळलेला बी.१.६१७.२ हा चौथा, म्हणून डेल्टा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुढचें नांव देतांना ‘न्यू’ आणि ‘शाय’ हीं दोन अक्षरें वगळून ‘ओमिक्रॉन’ घेतलें. कारण पहिलें इंग्रजींतील ‘नवा’ या शब्दासारखें ऐकूं येतें, आणि दुसरें इंग्रजी लिपींत लिहिलें असतां चीनमधील एका प्रचलित आडनांवासारखें दिसतें. अर्थशून्य म्हणून निवडलेलीं अक्षरेंहि सर्वस्वीं अर्थशून्य राहात नाहींत, तीं अशीं.

तरीहि हा निर्णय मला योग्य वाटतो. अक्षरानें माणूस मरत नाहीं. पण नांवानें माणसें एकमेकांना दोष देऊं लागतात, आणि त्यानें मेलेला परत येत नाहीं. दोष देण्यापेक्षां एखाद्या परक्या, निरुपद्रवी अक्षराला तो भार वाहूं द्यावा, हें बरें. हजारों वर्षें त्यानें दार, देश, अंक, फरक असे नाना भार वाहिले, हाहि वाहील. मात्र आमच्या पिढीला तें ऐकतांच नदीचें मुख आठवण्याआधीं कांहीं माणसें आठवतील.

पुढें लस घेऊन आलेल्या बाई दंड चोळीत पुन्हां त्याच दारांत उभ्या राहिल्या. ज्या स्नायूंत सुई टोंचली त्याचें नांव डेल्टॉइड, हें माझ्या जिभेवर आलें होतें. पण दिराचे दिवस अजून ताजे होते. मीं तें नांव घेतलें नाहीं; एवढेंच म्हणालों, “बाई, आंत या, बसा.”