सिंदेवाहीची रिंग आणि ऑर्बिटर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी पुण्यात, घरचे ब्रह्मपुरीला. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते तुकडे रांगेने गेले आणि रात्री कळलं की आमच्या शेजारच्याच सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूची एक रिंग येऊन पडलीये. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. नंतर आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. बाबांचा फोन आला, "हे वरून का पडलं रे बाबू? तू कॉम्प्युटरवर यानं उडवत बसतोस ना, सांग आता."

तर मंडळी, इतकी वर्षं घरच्यांनी ज्याला 'टाइमपास' म्हटलं, त्या ऑर्बिटरची परीक्षा त्या दिवशी झाली. :)

ऑर्बिटर म्हणजे अंतराळ उड्डाणाचा सिम्युलेटर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर या संशोधकाने एकट्याने लिहून २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये फुकट वाटला. यात शत्रू नाही, स्कोअर नाही, लेव्हल नाही. आहे फक्त न्यूटन! पुढच्या यानाला गाठायला तुम्ही वेग वाढवलात की तुमची कक्षा मोठी होते आणि तुम्ही उलट मागेच पडता. गाठायचं असेल तर आधी ब्रेक मारावा लागतो. हे डोक्यात शिरायला माझे कित्येक रविवार गेले.

पण ऑर्बिटर टिकला तो मॉडिंगमुळे. मूळ कोड बंद होता, पण श्वायगरने प्रोग्रामिंगचा इंटरफेस पहिल्यापासून खुला ठेवला. उड्डाणाची सुरुवातीची स्थिती साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे नोटपॅडमध्ये उघडा आणि बदला. सी प्लस प्लस येत असेल तर स्वतःचं यान लिहा. मुळातल्या ऑर्बिटरमध्ये यान वातावरणात शिरताना जळत नाही, म्हणून लोकांनी तापून फुटणारी यानं लिहिली. सगळ्यात थोर काम अपोलोवाल्यांचं. रॉन बर्की यांच्या व्हर्च्युअल एजीसी प्रकल्पाने अपोलोच्या संगणकाचा एम्युलेटर केला आणि एनएएसएसपी नावाच्या अ‍ॅड-ऑनने तो ऑर्बिटरमधल्या यानात बसवला. म्हणजे १९६९ साली चंद्रावर उतरवणारा खरा प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर चालतो. का? तर त्या कोडचे छापील कागद कुणीतरी जपून ठेवले होते आणि हौशी लोकांनी ते पुन्हा टाइप करून काढले.

इथेच माझ्यातल्या इंजिनियरला कायम धाकधूक होती. अपोलोचा कोड कागदावर तरी होता. ऑर्बिटरचा कोड एकाच माणसाकडे! २०१६ नंतर नवी आवृत्ती येईना. उद्या या माणसाला कंटाळा आला तर? हजारो लोकांची वीस वर्षांची मेहनत एका बंद पायावर उभी. पण २०२१ च्या जुलैमध्ये श्वायगरने सगळा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली खुला करून टाकला. घ्या, वाचा, बदला. तेव्हापासून त्याची डागडुजी लोकच करतायत. आपलं बाळ असं दुसऱ्याच्या हाती द्यायला किती मोठं मन लागतं, ते कोड लिहिणाऱ्यांनाच कळेल.

आता बाबांचा प्रश्न. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते ते अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे होते. त्या टप्प्याचा व्यासही ३ मीटरच. मी ऑर्बिटरमध्ये एक टप्पा तशाच लांबट कक्षेत सोडला. एक टोक ३६ हजार किलोमीटरवर, दुसरं जेमतेम २०० वर. मग काळाचा वेग वाढवला. जवळच्या टोकाला विरळ हवा दरवेळी थोडा वेग खाते आणि लांबचं टोक हळूहळू खाली येतं. शेवटी कक्षाच उरत नाही.

कुठे पडणार, हे मात्र नेमकं सांगता येत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेग, म्हणजे मिनिटभराची चूक झाली की साडेचारशे किलोमीटरचा फरक. ब्रह्मपुरी ते हैदराबाद हवाई अंतरही एवढं नाही.

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना लॅपटॉपवर दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी सोडून दिलं, आणि ते आपल्या इथे येऊन पडलं."

हो बाबा, अगदी तसंच. नशीब, कुणाला लागलं नाही.

असो. ऑर्बिटर आजही फुकट आहे आणि आता त्याचा कोडही आपला आहे. एखादा रविवार काढून बघा. पहिली दहा यानं पाडाल, पण मग आभाळ वेगळंच दिसायला लागेल.