न्याहारीची धास्ती

१/ ‘ब्लॅक पँथर’ म्हटले की काळे जाकीट आणि हातातील बंदूक आठवते. अमेरिकी सत्तेला मात्र मोठी धास्ती वाटली ती त्यांच्या न्याहारीची.

२/ जानेवारी १९६९. ऑकलंडमधील सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पँथर कार्यकर्त्यांनी शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. पहिल्या दिवशी ११ मुले आली; आठवडाअखेरीस १३५. जिन्नस दुकानदारांकडून मागून आणले जात.

३/ विचार साधा होता : उपाशी मुलाचे डोळे फळ्यावर असले तरी चित्त पोटात असते. मुले आता वर्गात पेंगत नाहीत, पोटदुखीने कळवळत नाहीत, असे शाळेतून सांगितले जाऊ लागले.

४/ मे १९६९ मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी अधिकाऱ्यांना कळवले : पँथरांना नामोहरम करण्यातील सर्वांत मोठा संभाव्य धोका हाच उपक्रम आहे. बंदुकीवरून गुन्हेगार ठरवता येते. दुधाच्या पेल्यावरून कसे ठरवणार?

५/ सरकारची स्वतःची शालेय न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिकच होती. १९७५ मध्ये ती कायम झाली.

६/ १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ने याच संघटनेवरून नाव घेतले. त्या नावामागे बंदुकीइतकीच ही न्याहारीही उभी आहे.