दहावी पास आणि आठचा आकडा

गेल्या शनिवारी रिलीजच्या गडबडीत होतो, तेवढ्यात लातूरहून भाच्याचा फोन. "मामा, विमान चालवायला बारावीला फिजिक्स लागतंच का?" पोरगं अकरावी कॉमर्सला. कुणीतरी सांगितलं होतं की तुझा चान्स गेला. लातूरात राहून सायन्स न घेणं हा तसाही घरात गुन्हाच, त्यात हे!

म्हटलं, थांब, बघून सांगतो. आणि मग रविवार त्यातच गेला.

विमानाच्या परवान्याची आंतरराष्ट्रीय रिक्वायरमेंट लिहिली गेली १९१९ च्या पॅरिस करारात. हौशी वैमानिकाने काय करून दाखवायचं? तासभर किमान २००० मीटर उंचीवर राहायचं, मग १५०० मीटरवर इंजिन बंद करून तरंगत खाली यायचं आणि ठरलेल्या जागेपासून १५० मीटरच्या आत उतरायचं. दुसरी परीक्षा म्हणजे ५०० मीटर अंतरावरच्या दोन खांबांभोवती पाच वेळा आठचा आकडा काढायचा. (आरटीओत टू-व्हीलरवर काढायला लावतात तोच आठ!) या परीक्षेत बारावीचे मार्क कुठेच नव्हते.

आपल्याकडे १९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातला परवाना क्रमांक १ मिळाला. वय २४. १९३६ मध्ये लाहोरला सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या, एकट्याने विमान उडवलं आणि परवाना मिळवला. तेव्हा घरी त्यांची चार वर्षांची मुलगी होती.

आणि आपला मराठवाडा? नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याचा एअरो क्लब होता हैदराबादला, बेगमपेटला. नांदेडहून हैदराबादला रेल्वे १९०० सालापासून होती. म्हणजे वाट होती, नियमही आडवा येत नव्हता. पण उडण्याच्या एका तासाला जे पैसे पडायचे, ते कुळाच्या घरात कुठून यायचे? खरी अट ती होती, आणि ती नियमांच्या पुस्तकात कधीच छापली गेली नाही.

छापील अटी आजही साध्याच आहेत. शिकाऊ परवाना: वय १६, दहावी पास, वैद्यकीय तपासणी आणि एक तोंडी परीक्षा. एकट्याने उडता येतं, पण इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली आणि प्रवासी न घेता. खाजगी परवाना: वय १७, दहावीच, लेखी परीक्षा आणि किमान ४० तास उड्डाण. त्यात १५० सागरी मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. मित्रांना घेऊन उडा, पण भाडं घ्यायचं नाही. फिजिक्स-गणिताची अट व्यावसायिक परवान्याची, म्हणजे नोकरीची, आणि तीही १९९० च्या दशकात आलेली. त्याआधी तिथेही मॅट्रिक चालायचं. ती शिथिल करायचा विचार २०२५ मध्ये पुढे आला.

म्हणजे 'बारावी सायन्सशिवाय विमान नाही' हा आपण गावोगावी पसरवलेला बग आहे. एका परवान्याची अट दुसऱ्याला चिकटवलेली.

संध्याकाळी भाच्याला हे सगळं सांगितलं. पैशांचंही स्पष्ट सांगितलं. धावपट्टी नांदेडला १९५८ साली झाली, लातूरला १९९१ साली, पण दाराशी धावपट्टी असली म्हणून तास स्वस्त होत नाहीत. चाळीस तास म्हणजे लाखांत हिशेब. आणि काहीही कर, फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घे. डोळे-कान तिथे नापास झाले तर भरलेले पैसे गेलेच समज.

मग ताईने फोन घेतला. "अरे, त्याला कशाला नादी लावतोस? दाजी माझ्यावर ओरडतील."

"नादी नाही लावत गं. नाही म्हणायचं तर पैशापायी म्हणा, पण त्याच्या कॉमर्सला दोष देऊ नका."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती तपासणी कुठे होते रे?"

असो. जेवण थंड झालंय. पुढच्या रविवारी भेटू.