मालवाघिणींचे रंग, प्रतिकृती रेल्वेतील

लोहमार्गावरून माल वाहून नेणाऱ्या डब्यांच्या, म्हणजेच वाघिणींच्या, लहान प्रमाणावर केलेल्या प्रतिकृतींना मूळ वाघिणीचा त्या त्या काळातील रंग देण्याची प्रथा ब्रिटनमध्ये विशेष रुजली व तिच्यातून रेल्वेच्या इतिहासाची एक लहानशी शाखाच निर्माण झाली. एंजिने व उतारू डबे यांचे रंग ही रेल्वे कंपन्यांच्या प्रतिष्ठेची बाब होती. त्यांच्यावर रंगाचे अनेक हात व वर रोगणाचे थर चढत, त्यांच्या रंगछटांचे नमुने जपून ठेवले जात आणि प्रवासी त्यांचे वर्णन कौतुकाने लिहून ठेवीत. वाघिणीला रंग लावीत तो लाकूड कुजू नये व लोखंड गंजू नये एवढ्यासाठीच. तो स्वस्तात स्वस्त असे आणि त्याची नोंद करण्याची निकड कोणास वाटत नसे. परिणामी लोहमार्गावर ज्या वाहनांची संख्या सर्वांत मोठी होती, नेमक्या त्यांच्याच रंगांविषयी सर्वांत कमी खात्रीलायक माहिती मागे राहिली. प्रतिकृतिकाराला मात्र निर्णय टाळता येत नाही. इतिहासकार एखाद्या वाघिणीविषयी ‘बहुधा करड्या रंगाची’ असे लिहून मोकळा होऊ शकतो. प्रतिकृतिकाराला हातातील कुंचला कोणत्या तरी एका डब्यात बुडवावाच लागतो.

ब्रिटिश वाघिणींचे रंग स्थूलमानाने दोन कुळांत मोडतात : करडे आणि तांबूस-तपकिरी. करडा रंग शिशाचा सफेदा, थोडी काजळी व जवसाचे तेल यांच्या मिश्रणातून तयार होई. काजळीचे प्रमाण किंचित बदलले तरी छटा फिकी किंवा गडद होत असे; त्यामुळे एकाच कारखान्यातून पाठोपाठ बाहेर पडलेल्या दोन वाघिणीही तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. शिवाय सफेदा हा अस्थिर पदार्थ आहे. दगडी कोळशाच्या धुरात व शहरी हवेत असलेल्या हायड्रोजन सल्फाइडाशी त्याचा संयोग होऊन काळे लेड सल्फाइड तयार होते. त्यामुळे कारखान्यातून फिकट करडी निघालेली वाघीण काजळी न साचताही काही वर्षांत गडद होई. तांबूस कुळातील रंग मुख्यतः लोह ऑक्साइडाचे, म्हणजे गेरूच्या जातीचे. ते स्वस्त, लोखंडाला चिकटून राहणारे व रासायनिक दृष्ट्या पुष्कळच टिकाऊ असतात. या छटेला पुढे ‘बॉक्साइट’ हे नाव रूढ झाले. बॉक्साइट हे वस्तुतः ॲल्युमिनियमाचे खनिज असून त्याला तांबूसपणा येतो तो त्यातील लोहामुळे. रंगाचे नाव त्या खनिजाच्या दिसण्यावरून पडले आहे.

कंपन्यांचे सर्वसाधारण धोरण ज्ञात आहे. मिडलंड, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न व नॉर्थ ईस्टर्न या कंपन्यांच्या वाघिणी करड्या, लंडन अँड साउथ वेस्टर्नच्या गडद तपकिरी, तर स्कॉटलंडमधील कॅलेडोनियन कंपनीच्या तांबड्या असत. १ जानेवारी १९२३ रोजी बहुतेक कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले. त्यांपैकी सदर्न रेल्वेने गडद तपकिरी रंग चालू ठेवला. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने निर्वात गतिरोधक बसविलेल्या वाघिणींना तांबूस व इतरांना करडा रंग ठरविला. त्यामुळे जलद मालगाडीत जोडता येणारी वाघीण यार्डातील कामगाराला लांबूनही ओळखू येई. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिशने करडा रंग सोडून १९३६ मध्ये बॉक्साइट छटा स्वीकारली आणि त्याच सुमारास कंपन्यांची मोठमोठी आद्याक्षरे जाऊन त्यांच्या जागी लहान अक्षरे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर अनेक वाघिणींच्या फळ्या रंगाविनाच ठेवून क्रमांकापुरताच रंगाचा चौकोन काढीत. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने गतिरोधक नसलेल्या वाघिणींसाठी करडा व असलेल्यांसाठी बॉक्साइट हीच विभागणी देशभर लागू केली.

ही झाली नियमांची यादी. तिच्यावर विसंबून रंगविलेली गाडी मात्र हमखास चुकीची ठरते, कारण नियम बदलला म्हणून वाघिणी एका दिवसात पुन्हा रंगविल्या जात नसत. दुरुस्तीसाठी कारखान्यात येईपर्यंत वाघीण जुन्याच रंगात धावे. १९२३ नंतर कित्येक वर्षे नष्ट झालेल्या कंपन्यांची आद्याक्षरे मिरविणाऱ्या वाघिणी नव्या अक्षरांच्या वाघिणींशेजारी जोडलेल्या दिसत. त्यातच पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, कंपन्यांच्या उघड्या वाघिणी सामायिक वापराखाली आल्या व कोणत्याही कंपनीची वाघीण देशात कोठेही भरली जाऊ लागली. म्हणून १९२५ मधील मालगाडीची प्रामाणिक प्रतिकृती एकरंगी असू शकत नाही. रंग निवडण्यापूर्वी वर्ष व ठिकाण निश्चित करावे लागते आणि मग प्रत्येक वाघीण शेवटची केव्हा रंगविली गेली असावी याचा अंदाज बांधावा लागतो.

ग्रेट वेस्टर्नचा वाद : या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रश्न ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वाघिणींचा आहे. या कंपनीच्या वाघिणी एकोणिसाव्या शतकात तांबड्या होत्या व विसाव्या शतकात गडद करड्या होत्या, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो बदल केव्हा झाला याविषयी. काही अभ्यासक तो १८९०–१९०० या दशकात झाला असे मानतात, तर काही तो १९०४ च्या सुमारास, म्हणजे वाघिणींच्या बाजूंवर २५ इंच उंचीची मोठी आद्याक्षरे आली तेव्हा, झाला असे धरतात. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु १९०० हे वर्ष निवडणाऱ्या प्रतिकृतिकाराच्या संपूर्ण मालगाडीचा रंग त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

वाद मिटत नाही याचे मुख्य कारण छायाचित्रणाच्या तंत्रात आहे. त्या काळातील साध्या छायाचित्रण काचांवरील लेप केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असे. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंजकद्रव्ये मिसळून लेपाला हिरव्या व पिवळ्या प्रकाशाची संवेदनशीलता आणता येते असे दाखविले, तथापि तांबडा प्रकाश त्याच्या पलीकडेच राहिला. सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या काचा ब्रिटनमध्ये बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. तोपर्यंतच्या छायाचित्रांत तांबडी वाघीण जवळजवळ काळी उमटते आणि गडद करडी वाघीणही गडदच उमटते. म्हणजे ज्या वर्षांविषयी वाद आहे त्याच वर्षांची छायाचित्रे या बाबतीत मुकी आहेत. कारखान्यांतील अधिकृत छायाचित्रांवर विसंबणेही धोक्याचे, कारण रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून एंजिनांना छायाचित्रापुरता खास करडा रंग देण्याची पद्धत होती व वाघिणींनाही तसा रंग दिला असण्याची शक्यता नेहमीच लक्षात ठेवावी लागते.

यावर एक मार्ग म्हणजे एकाच छायाचित्रातील ज्ञात रंगाच्या वस्तूशी वाघिणीची तुलना करणे. एंजिनाच्या पुढील आडव्या तुळईला तांबडा रंग देण्याची प्रथा होती. ती तुळई व शेजारची वाघीण सारख्याच काळसर छटेत उमटली असतील, तर वाघीण तांबडी असण्याला थोडे बळ मिळते. पण थोडेच, कारण तुळईचा भडक तांबडा आणि वाघिणीचा गेरूसारखा तांबडा हे दोन भिन्न रंग होत. दुसरा मार्ग जुन्या वाघिणींच्या अवशेषांवरील थर खरवडून पाहण्याचा. तोही निर्धोक नाही. लोह ऑक्साइड शतकभर टिकते, म्हणून तांबड्या थराची छटा बऱ्याच अंशी विश्वसनीय असते. करड्या थरातील सफेदा मात्र काळवंडलेला आणि जवसाचे तेल पिवळे पडलेले असते. उलट, लोखंडी भागावर सापडलेला सर्वांत खालचा तांबडा थर हा वाघिणीचा रंग नसून गंजरोधक अस्तरही असू शकतो. लाकडी फळीवर आढळलेल्या थराला म्हणूनच अधिक महत्त्व द्यावयास हवे. वृद्ध कामगारांच्या आठवणी हा तिसरा पुरावा. रंगाची स्मृती किती फसवी असते हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांचा उपयोग जपूनच करील.

प्रतिकृतींचा विकास : व्यापारी प्रतिकृतींच्या आरंभीच्या काळात असले प्रश्न उद्भवत नसत. नॉर्थॅम्पटन येथील बॅसेट-लोक ही संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली व तिने मूळ वाहनांशी साम्य असलेली खेळणी विकण्यावर भर दिला. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० मध्ये पत्र्याच्या आगगाड्या व १९३८ मध्ये एका फुटाला ४ मिमी. या प्रमाणाची ‘डब्लो’ श्रेणी बाजारात आणली. कथिलाच्या पत्र्यावर शिलामुद्रणाने छापलेले हे रंग चकचकीत व उठावदार असत. खाणमालक, बिस्किटांचे कारखानदार, पेट्रोल कंपन्या यांच्या नावांच्या वाघिणी मुलांना अधिक आवडत. अशा खाजगी मालकीच्या वाघिणी प्रत्यक्षातही विपुल होत्या. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे सरकारी नियंत्रणाखाली आलेल्या या वाघिणींची संख्या पाच लाखांहून अधिक होती. परंतु त्यांतील बहुसंख्य कोळशाच्या होत्या व त्यांचे लाल, निळे, काळे रंग कोळशाच्या भुकटीखाली लवकरच मंदावत. खेळण्यांच्या दुकानातील वाघीण ही कायम पहिल्या दिवसाची वाघीण असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये ऐतिहासिक प्रतिकृती रेल्वेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. रेखाचित्रे, छायाचित्रे व रंगांच्या नोंदी यांचे संकलन हे तिचे मुख्य कार्य. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये आलेले रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये लाँग विटनम या खेड्यात पेंडन संग्रहालयाचा आरंभ केला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या परिसरातील १९२०–४० मधील नष्ट होत चाललेले ग्रामजीवन ४ मिमी. प्रमाणात जतन करणे हा त्यांचा हेतू होता. घराच्या विटेपासून वाघिणीच्या फळीपर्यंत प्रत्येक रंग निरीक्षणाने ठरविण्याचा तेथील आग्रह पुढील पिढीला आदर्शवत वाटला. पुढे मूळ कंपन्यांच्या छटांशी जुळणारे एनॅमल रंग व त्यानंतर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग तयार डब्यांतून मिळू लागले. मात्र डब्यावर कंपनीचे नाव छापलेले आहे एवढ्याने आतील छटेला पुराव्याचे मूल्य येत नाही. एकाच कंपनीच्या नावे निरनिराळ्या उत्पादकांनी विकलेले करडे रंग शेजारी ठेवले असता एकमेकांशी जुळत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रत्यक्ष रंगकाम : नेमकी छटा सापडली तरी ती जशीच्या तशी वापरावी की नाही, हा वेगळाच प्रश्न उरतो. ४ मिमी. प्रमाणातील वाघीण हातभर अंतरावरून पाहिली, तरी ती मूळ वाघीण सु. चाळीस-पन्नास मीटरांवरून पाहिल्यासारखी असते. एवढ्या अंतरावर गडद रंग काहीसे फिके व मंद भासतात, म्हणून अनेकजण मूळ छटेत किंचित पांढरा किंवा करडा रंग मिसळतात. काहींना ही अनावश्यक सूट वाटते. खोलीतील प्रकाशाचा परिणाम याहूनही ठळक असतो. विजेच्या पिवळसर दिव्याखाली बॉक्साइट छटा अधिक तांबडी व करडी छटा मळकट दिसते. त्यामुळे ज्या प्रकाशात गाडी मांडावयाची त्याच प्रकाशात रंग जुळवावा, हे इष्ट. तकाकी असलेला रंग वाघिणीला सहसा शोभत नाही. तथापि अक्षरांच्या चिकटपट्ट्या गुळगुळीत पृष्ठावरच नीट बसतात, त्यामुळे आधी तकाकी व शेवटी मंद रोगण असा क्रम रूढ आहे.

यानंतरचे काम वाघीण जुनी करण्याचे. बंद वाघिणींची छते सफेद्याने पांढरी रंगवीत, पण एंजिनाच्या काजळीने ती थोड्याच अवधीत करडी होत. शुभ्र छताची संपूर्ण गाडी कोणत्याही यार्डात उभी राहिली नसेल. दुरुस्तीत बदललेली फळी जुन्या फळ्यांपेक्षा वेगळ्या छटेची असे. चाकांजवळच्या भागावर गतिरोधकाच्या ठोकळ्यांची तपकिरी भुकटी बसे, म्हणून तेथे निव्वळ काळा रंग खोटा वाटतो. ब्रिटिश रेल्वेच्या १६ टनी पोलादी कोळसा-वाघिणींच्या बाबतीत तर नियमातील करड्या रंगापेक्षा गंजाचाच विस्तार अनेकदा मोठा असे व तो आतून, कोळशाच्या ओल्या घर्षणाने सुरू होऊन पत्र्यांच्या सांध्यांवाटे बाहेर डोकावे. अशा वाघिणीची प्रतिकृती करणारे अनुभवी कारागीर आधी गंजाचा रंग देतात, त्यावर मिठाचे खडे चिकटवतात, मग करडा रंग फवारतात आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढतात. खड्यांच्या जागी खालचा गंज उघडा पडतो.