अंगांचीं नांवें व बाळखेळ

आमगांवाचें नांव निघालें म्हणजे विद्वज्जनांस शेजारचें पद्मपूर आठवतें, कारण म. म. वा. वि. मिराशी यांनीं भवभूतीचें जन्मस्थान तेंच ठरविलें. आम्हांस येथें फार लहान विद्येचा विचार करावयाचा आहे. नाक, कान, कोपर, ढोपर हीं नांवें मूल कोठें शिकतें?

घरीं, हें उघड आहे. तान्ह्याच्या तळहातावर बोट टेकवीत मोरास बोलवावयाचें, करंगळीपासून एकेक बोट मिटावयाचें, आणि शेवटीं दंडावरून बोटें चालवीत कांखेंत गुदगुल्या करावयाच्या, हा आजीबाईंचा पाठ वाचकांपैकीं बहुतेकांनीं घेतला असेल. फ्रेबेल या जर्मन शिक्षकानें १८४४ सालीं आयांच्या खेळगाण्यांचें पुस्तक काढलें, तेव्हां त्याची दृष्टि अशाच आयांकडे होती. आमच्या पंतोजींच्या शाळेंत मात्र अवयवांची ओळख निराळ्या रीतीनें होई: कान पिळण्यासाठीं, तळहात छडीसाठीं, आणि पायांचे अंगठे ओणवें राहून धरण्यासाठीं! हाही शरीरपरिचयच म्हणावयाचा.

१९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडणाऱ्या माँटेसरीबाईंनीं सेगँ या फ्रेंच वैद्याच्या तीन पायऱ्या उचलल्या. ‘हें नाक’ असें प्रथम सांगावयाचें. मग ‘नाक दाखव’. आणि शेवटीं ‘हें काय?’ यांतील मधली पायरीच खरा खेळ होय, व तींतच मूल रमतें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून ही पद्धति आपल्याकडे रुजविली.

परंतु आमच्या मतें कसोटीचा प्रसंग १९४५ सालीं बोर्डी येथें आला. ताराबाई व अनुताई वाघ यांनीं तेथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. हरिजन वस्तींतील मुलें येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडी हा शब्द त्यांतूनच आला. मुलाचें तोंड धुवावयाचें, केंस विंचरावयाचे, नखें काढावयाचीं, म्हणजे त्याच्या अंगास हात लावावयाचा. आणि हेंच तर गांवाला नको होतें. ज्या मुलास शिवावयाचेंच नाहीं, त्यास ‘हा तुझा गाल’ हें खेळून शिकविणार कसें? दुरून छडी तेवढी पोंचते. १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेलें, आणि १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर अंगणवाडी हें नांव सरकारी दप्तरांत रूढ झालें.

पूर्वी भंडाऱ्यांत असलेलें आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत असलेलें आमगांवही आज याच योजनेंत आहे. या मुलुखांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी अशा बोली घरोघर चालतात. घरचा शब्द एक व पुस्तकांतला दुसरा, अशा मुलास पहिल्याच दिवशीं ‘हें काय?’ म्हणून विचारणारी बाई त्याला मुकें करून सोडते. घरचा शब्द आधीं तिनें स्वतः उच्चारावा, आपल्या कोपरास हात लावून ‘कोपर’ म्हणावें, व मग ‘कोपर दाखव’ असें म्हणावें. त्याचें उत्तर देण्यास मुलाला मराठी बोलावें लागत नाहीं. कोपर वर केलें कीं झालें.