उंदराचा मेंदू आणि चांदीपुऱ्याचा ताप

नागपुराहून हैदराबादेस जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून पुढें आदिलाबादेकडे उतरतो. या मार्गाच्या दोन्ही टोंकांच्या मुलुखांत मुलांच्या मेंदूस ग्रासणाऱ्या एका रोगाचा इतिहास घडला आहे. तो संक्षेपानें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९६५ सालीं नागपुराकडे तापाची सांथ चालू असतां दोन रोग्यांच्या रक्तांतून पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज यांस एक नवा विषाणु मिळाला. नागपूर जिल्ह्यांतील चांदीपुरा गांवावरून त्यास नांव पडलें. तेव्हां तो केवळ तापाचा विषाणु वाटला. परंतु २००३ सालीं तत्कालीन आंध्र प्रदेशांत ३२९ मुलें मेंदूज्वरानें पछाडलीं व त्यांपैकीं १८३ दगावलीं. त्या सांथीशीं याच विषाणूचा संबंध जोडला गेला. २००७ सालीं तो नागपूर विभागांतील मुलांवर उठला.

मुलेंच कां? या प्रश्नाचा धागा प्रयोगशाळेंतील उंदरानें दिला. विषाणु मेंदूबाहेर अन्यत्र टोंचिला असतां तान्हीं पिलें मरतात, वाढलेला उंदीर तगतो; तोच थेट मेंदूंत घातला तर वाढलेलाही वांचत नाहीं. यावरून असें अनुमान निघतें कीं, प्रौढाचा मेंदू कणखर असतो असें नव्हे, मेंदूकडे जाणारी वाट राखलेली असते.

ही वाट केव्हां फुटते, हें पाहण्यास पूर्वीं उंदीर मारून मेंदूचे काप करावे लागत. लॉटरबर यांनीं १९७३ सालीं मांडलेल्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या युक्तीनें, म्हणजे आजच्या एम.आर.आय.नें, तोच उंदीर जिवंतपणीं पुनःपुन्हां पाहतां येतो. शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजनचे अणुगर्भ रेडिओलहरींस जें उत्तर देतात, त्यांतून चित्र बनतें; सूज आली कीं पाणी वाढतें व चित्र पालटतें. उंदराचा मेंदू जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणून त्यास रुग्णालयांतल्याहून प्रबळ चुंबक लागतो.

२००३ च्या सांथींत हा मेंदूचा दाह कीं रक्तवाहिनींतील अडथळा, असा तज्ज्ञांत वाद झाला. त्याच सालीं लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस नोबेल पारितोषिक मिळावें, हा योग विलक्षण खरा! पण मूल यंत्रापर्यंत पोंचतें तेव्हां बहुधा रोग आपलें काम उरकत आलेला असतो. उंदराचा रोग मात्र पहिल्या घटकेपासून पाहतां येतो. उंदीर म्हणजे मूल नव्हे, हें खरें. तथापि या विषाणूवर अद्यापि खात्रीचें औषध नाहीं, लस नाहीं. अशा स्थितींत त्या पहिल्या घटकांचें ज्ञान क्षुद्र जिवाकडून मिळालें, तरी तें आमच्या खेड्यांतील लेंकरांच्या कामीं येण्याजोगें आहे.