भोंगा वाजल्यानंतरची शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘इच्छा तिथे मार्ग’ ही म्हण आपण लहानपणी पाटीवर गिरवलेली असते. पुढे चाळिशीतला एखादा माणूस नोकरी सांभाळून वेल्डिंग, वायरिंग किंवा संगणकावरचं ड्रॉइंग शिकायला निघाला, की तीच म्हण त्याला ऐकवली जाते. शिकून पार पडला तर त्याच्या जिद्दीचं कौतुक होतं. अर्ध्यावर सुटलं तर ‘मनापासून इच्छाच नव्हती’ असं म्हणून लोक मोकळे होतात.

मी तीस वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला. त्यातली बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गांना. पाळी संपवून आलेली, कधी कधी माझ्याहूनही वयानं मोठी माणसं हातात कानस घेऊन व्हाइससमोर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. ज्याला इच्छा नाही तो माणूस आठ तास राबून पुन्हा संध्याकाळी सात वाजता वर्गात येतच नाही. तरीही वर्ग गळायचे. जूनमध्ये तीस जण असायचे, दिवाळीपर्यंत पंधरा उरायचे. हे असं का होतं, याचा शोध घेताना मी जुना इतिहास वाचू लागलो आणि लक्षात आलं, की हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. त्याचं उत्तरही त्या इतिहासात सापडतं.

सुरुवात होते स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. तिथल्या अँडरसन्स इन्स्टिट्यूशनमध्ये जॉर्ज बर्कबेक नावाचा एक तरुण डॉक्टर पदार्थविज्ञान शिकवत असे. प्रयोगांसाठी लागणारी उपकरणं त्याला गावातल्या कारागिरांकडून घडवून घ्यावी लागत. पंपाची एक प्रतिकृती तयार होत असताना तिथले कामगार भोवती जमले आणि हे कसं चालतं, असं का होतं, असे प्रश्न विचारू लागले. ज्यांच्या हातून यंत्रं घडतात त्यांना त्या यंत्रामागचं शास्त्र कोणी सांगितलेलंच नाही, हे बर्कबेकला जाणवलं. १८०० मध्ये त्यानं कारागिरांसाठी फुकट व्याख्यानं सुरू केली. पहिल्या व्याख्यानाला ७५ माणसं आली, चौथ्याला ५००. व्याख्यानं असत शनिवारी रात्री. शनिवारच का, हे उघड आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामावर जायचं नसे.

पुढे बर्कबेक लंडनला गेला. १८२३ मध्ये तिथे ‘लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन’ स्थापन झाली. आजचं बर्कबेक कॉलेज ते हेच, आणि संध्याकाळी शिकवण्याची त्याची परंपरा अजून चालू आहे. ही कल्पना झपाट्यानं पसरली. १८५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशा सहाशेहून अधिक संस्था होत्या. पण तोवर एक विचित्र गोष्ट घडली होती. ज्या कामगारांसाठी संस्था काढल्या, ते हळूहळू तिथून दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी कारकून, दुकानदार, शिक्षक येऊन बसले. त्या काळी पुष्कळांनी याचा दोष कामगारांना दिला. त्यांना दारूचा गुत्ता प्रिय, पुस्तक नको, असं म्हटलं गेलं. खरी कारणं साधी होती. बारा-बारा तास काम केलेल्या माणसाचे डोळे व्याख्यानात मिटत, आणि ज्याला लहानपणी अक्षरओळखच झालेली नाही त्याला पदार्थविज्ञानाचं व्याख्यान कळत नसे. कारकुनाचा दिवस लवकर संपे आणि त्याला वाचता येत असे. म्हणून खुर्ची त्याला मिळाली.

हा वारा मुंबईपर्यंतही आला. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पिवळ्या दगडाची ती देखणी इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. पण संस्था त्याआधीची आहे. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी आणि फोरमननी एकत्र येऊन ती सुरू केली. यंत्रांच्या प्रतिकृती, नकाशे आणि पुस्तकं एका ठिकाणी असावीत, काम करता करता आपल्याला शिकता यावं, हा हेतू. पुढे ससून घराण्याच्या देणगीतून इमारत उभी राहिली आणि तिला ‘ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ असं नाव मिळालं. आज तिथे वाचनालय आहे. त्या पायऱ्या चढताना ही एकेकाळी कारागिरांची जागा होती, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही.

यानंतर आठच वर्षांनी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसभर शेतात आणि कामावर राबणारे स्त्री-पुरुष तिथे शिकायला येत. जोतीरावांनी इथे पायापासून सुरुवात केली. आधी अक्षर, मग हिशेब. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य अशा विषयांचा आग्रह धरला. शिक्षण आणि रोजचं काम यांचा सांधा त्यांनी कधी तुटू दिला नाही.

पण रात्रीची शाळा काढली तरी रात्र कुणाची, हा प्रश्न उरतोच. त्या काळातल्या मुंबईच्या गिरण्यांत काम सूर्य उगवताना सुरू होई आणि मावळताना संपे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण रविवारची पुरवणी निवांतपणे हातात घेतो, त्या निवांतपणामागे ही लढाई आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपल्याला वाटेल, चला, उजेड आला, आता रात्री वाचता येईल. घडलं उलटंच. सूर्य मावळल्यावरही साचे चालू ठेवता येऊ लागले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. जो दिवा रात्रशाळेत लागायचा, तो आधी गिरणीत लागला. मग कायद्यानं एकेक पाऊल टाकलं. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाले. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीस. हा शेवटचा बदल घडवणारं विधेयक मांडणारे होते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य, डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. त्याच काळात ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग, १९११ मध्ये स्थापन झालेली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवत होती. बारा तासांनंतर माणूस जेवतो आणि झोपतो. नऊ तासांनंतर तो वर्गात येऊ शकतो. मुंबईची रात्रशाळा शिक्षकांच्या कळकळीनं उभी राहिली हे खरंच, पण ती टिकायला कामाच्या तासांवरची मर्यादाही तितकीच कारणीभूत झाली.

दुसऱ्या महायुद्धानं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कारखान्यांना आणि सैन्याला हजारो कुशल कारागीर हवे होते, तेही ताबडतोब. १९४० पासून सरकारनं देशभर तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षणाची योजना राबवली. १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या थेट ब्रिटनला पाठवल्या गेल्या. तिथले मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्यावरून त्यांना ‘बेव्हिन ट्रेनी’ म्हणत. हातावर काम करणारी ही मोठी माणसं तिथल्या कारखान्यांत प्रत्यक्ष यंत्रावर शिकली, आणि शिकत असताना त्यांच्या पोटापाण्याची सोय सरकारनं केली. म्हणजे गरज सरकारला असली, की मोठ्या माणसाला शिकायला वेळही मिळतो आणि पैसाही मिळतो. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, गावोगावी आयटीआय उभ्या राहिल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. ही सगळी व्यवस्था मोलाची आहे, मी स्वतः तिचंच मीठ खाल्लं आहे. पण ती मुख्यतः सोळा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी होती. आधीच कामावर असलेल्या माणसाचं कसब जुनं झालं तर त्यानं काय करायचं, याचा विचार तिच्यात फारसा नव्हता.

तो प्रश्न मुंबईत दाराशी येऊन उभा राहिला १८ जानेवारी १९८२ नंतर. गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातले पुष्कळ पुन्हा कामावर गेलेच नाहीत आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या. साच्याच्या नुसत्या आवाजावरून धागा कुठे तुटला ते ओळखणारा कामगार. त्याच्या कानाला बाहेर किंमत नव्हती. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं ‘नॅशनल रिन्यूअल फंड’ उभारला. उद्योग बदलताना ज्यांचं काम जाईल त्यांना नवं कसब शिकवावं, हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यात गेला, आणि २००० मध्ये तो निधी गुंडाळण्यात आला. पंचेचाळिशीचा माणूस, हातात एकरकमी पैसे, घरात लग्नाची मुलगी आणि गावी पडकं घर. तो पैसा कुठे जातो हे मी वेगळं सांगायला नको. नोकरी गेल्यावर शिकणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

त्याच सुमारास याच शहरात दुसऱ्या एका धंद्याचं कसब जुनं होत होतं. छापखान्यातला जुळारी, म्हणजे कंपॉझिटर. काना-मात्रा, जोडाक्षरं मिळून शेकडो खिळे, आणि कोणता खिळा कुठल्या खणात हे बोटांना पाठ. उलटं अक्षर तो सुलट्यासारखं वाचे. फोटोटाइपसेटिंग आणि मग संगणक आला, आणि खिळे भंगारात गेले. अनेक जुळारी घरी बसले. पण काही छापखान्यांत वेगळं घडलं. माझ्या माहितीतल्या एका छापखान्यात मालकानं पाळीतलेच दोन तास कीबोर्डसाठी राखून ठेवले. पन्नाशीचे जुळारी आपल्या मुलाच्या वयाच्या पोराशेजारी बसून शिकले. सहा महिन्यांत ते पानं लावू लागले. आणि त्या पोरापेक्षा सरस लावू लागले, कारण दोन शब्दांत मोकळी जागा किती सोडायची, ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं, हे त्यांच्या नजरेत आधीच मुरलेलं होतं. जुनं कसब वाया गेलं नाही. त्याला फक्त नवं हत्यार मिळालं.

गिरणी कामगार आणि जुळारी यांच्यात बुद्धीचा फरक नव्हता, इच्छेचाही नव्हता. एकाला नोकरी सुटल्यावर शिक म्हटलं, दुसऱ्याला नोकरीत असताना, पगारी तासांत शिकवलं. एवढाच फरक.

हे जगानं कधीच ओळखलं आहे. फ्रान्सनं १९७१ मध्ये कायदा करून मालकांवर प्रशिक्षणासाठी ठरावीक खर्च करण्याचं बंधन घातलं आणि कामगाराला शिकण्यासाठी रजेचा हक्क दिला. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं पगारी शैक्षणिक रजेचा करार केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगाराला त्यातून पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मिळेल. तरतूद झाली हे चांगलंच झालं. पण पंधरा दिवसांत कानससुद्धा हातात नीट बसत नाही. आणि पुन्हा, ही रक्कम काम गेल्यानंतरच मिळणार आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाच्या तासांची दैनिक मर्यादा नऊवरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली. त्याची कारणं, त्याचे फायदे-तोटे यावर वाद होत राहतील. मला त्यात संध्याकाळचा वर्ग दिसतो. बारा तासांनंतर तिथे कोण येणार?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ज्यांच्या हाताखाली दहा-वीस माणसं काम करतात, त्यांनी आठवड्यातले दोन तास, पगार न कापता, शिकण्यासाठी बाजूला काढावेत. नवं यंत्र मागवण्याआधी ते काढावेत, नंतर नव्हे. आणि ज्यांना स्वतःला शिकायचं आहे, त्यांनी वर्गाची फी विचारण्याआधी घरच्यांशी आणि मालकाशी वेळेचं बोलून घ्यावं. कोणत्या दिवशी पाळी बदलून मिळेल, कोणती संध्याकाळ आपली असेल, हे आधी ठरवावं. माझ्या वर्गातून दिवाळीनंतरही जे टिकले, त्यांतल्या बहुतेकांनी एवढी एक गोष्ट केलेली होती.